पावणेदोन तास

पुण्याचं चारचं विमान साडेपाचला सुटेल, असं आधी तमिळमध्ये आणि मग इंग्रजीत सांगून झालं, तेव्हा चेन्नई विमानतळावरच्या खुर्चीत गजेंद्र मटकन बसला. अंगात कारखान्याचा गणवेश, पायांत लोखंडी टोकाचे बूट. आईच्या आतड्याला पीळ पडलाय म्हणून सकाळी नऊला साताऱ्याहून बहिणीचा, रत्नप्रभाचा फोन आला, आणि तो ओरगडमच्या कारखान्यातून होता तसा निघाला होता. आता तीन वाजत आले होते.

काउंटरवरच्या शरण्याला त्याने तिसऱ्यांदा जाऊन विचारलं. पोरगी बिचारी हसतमुख. "डोन्ट वरी सार. टेक-ऑफनंतर वन अवर फॉर्टी फाइव्ह ओन्ली."

ते तर त्याला पाठच होतं. अकरा वर्षं तो आईला फोनवर हेच ऐकवत आला होता, "लांब कुठं आहे गं? विमानानं पावणेदोन तास. हाक मारलीस की आलोच." आईने ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवलं होतं. दर जानेवारीत ती ते नव्या कॅलेंडरवर उतरवून घ्यायची. ओरगडम ते विमानतळ, तिथलं ताटकळणं, पुण्याहून पुढे सातारा, हे त्यात कधी धरलंच नव्हतं. आणि रजा? तिचं तर नावच नको.

फोन वाजला. रत्नप्रभा रडकुंडीला आली होती.

"दादा, डॉक्टर म्हणतात आता थांबता येणार नाही. आणि ही बाई हलत नाही रे! गजूचं तोंड बघितल्याशिवाय ऑपरेशनला जायची नाही म्हणते. पावणेदोन तासांचं तर आहे, येईलच म्हणते. सकाळपासून हेच धरून बसलीय. तू सांग तिला काहीतरी. पुण्यात उतरलो, रस्त्यात आहे, असं सांग."

"दे तिच्याकडे."

तेच सांगायला त्याने तोंड उघडलं होतं. पण खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो, आणि तो सकाळपासून पार संपला होता.

"आई, मी अजून चेन्नईतच आहे."

"अजून? सकाळीच निघालास ना रे?"

"निघालो. पण पावणेदोन तास नुसते विमानाचे गं. सकाळी नऊपासून धरलं तर तुझ्यापाशी यायला चौदा तास लागतात. रात्रीचे अकरा वाजतील. तुला बरं वाटावं म्हणून मी कधी नीट सांगितलंच नाही." त्याला हुंदका आवरेना. शेजारच्या बाईने आपली बॅग उगाचच जवळ ओढून घेतली. "माझ्यासाठी थांबू नकोस. जा तू आत."



"चौदा तास?" आई म्हणाली. "अरे, मग आधी नाही का सांगायचंस! अकरा वर्षं मी मनाला लावून घेतलं, पावणेदोन तासांवर आहे, तरी पोरगं येत नाही."

मग तिचा आवाज फोनपासून दूर गेला. कुणाला तरी ती म्हणत होती, "चला हो, न्या मला आत. पोरगा लांब असतो माझा."