सहावी बोली

“मावशी, चहा राहू द्या. आधी हिच्याशी बोला,” साहेब म्हणाला.

मावशीने ओले हात फडक्याला पुसले आणि ती आतल्या खोलीत आली. घाटमाथ्यावरच्या या तपासणी नाक्यावर कँटीन तिचं, आणि अडलं-नडलं की दुभाष्याचं कामही तिच्याच गळ्यात. डोंगरात सहा खोरी, सहा बोली, आणि सहाही येणारं माणूस नाक्यावर एकच. मावशी गेले तीन आठवडे एकही रजा न घेता कामावर येते, याचं नव्या साहेबाला मोठं कौतुक होतं. तिचं गाव कुठलं, हे विचारायची मात्र त्याला कधी गरज पडली नव्हती. चहा वेळेवर मिळाला म्हणजे झालं.

टेबलापलीकडे एक बाई बसली होती. पासपोर्टाप्रमाणे परदेशी पर्यटक. वय तिशीचं, केस अगदी बारीक कापलेले, गळ्यात कॅमेरा, मांडीवर नकाशा. मनगटं नुसती काडी. हिला कोणी वेळेवर खायला घालत नसावं, असं मावशीच्या मनात आलं. बाहेर बाकीच्या पर्यटकांना घेऊन बस खोळंबली होती. पुढे दोन वळणं, की सरहद्द.

“कागद चोख आहेत,” साहेब म्हणाला. “पण चेहरा आपल्याकडचा वाटतो. वरच्या खोऱ्यातली ती शाळेची बाई अजून सापडलेली नाही. बंदी असलेल्या बोलीत मुलांना शिकवणारी. पर्यटक बनून निसटणार अशी खबर आहे.”

“चेहऱ्याचं काय घेऊन बसलात, साहेब. सरहद्दीच्या दोन्हीकडे माणसं एकाच साच्यातली.”

“म्हणून तर तुम्हाला बोलावलं. ही तीच निघाली, तर दहा वर्षं आत जाईल.”

गेल्या वर्षी याच खुर्चीत बसलेला एक म्हातारा मावशीच्या एका शब्दाने आत गेला होता. तेव्हापासून तिला जेवण गोड लागत नव्हतं.

तिने खालच्या खोऱ्यापासून सुरुवात केली. पहिल्या बोलीत नाव विचारलं. दुसरीत भूक लागली का, म्हणून विचारलं. तिसरीत असा काही चावट विनोद सांगितला, की दारातला शिपाई फिसकन हसला आणि साहेबाने डोळे वटारल्यावर खोकला आल्याचं सोंग करू लागला. चौथीत शिवी दिली. पाचवीत सांगितलं, तुझ्या मानेवर विंचू चढतोय. बाई प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहून ओशाळं हसत होती. मध्येच तिने कॅमेऱ्यात टिपलेली शिखरं साहेबाला दाखवली. साहेबाने ती पाहिलीही नाहीत.

आता उरली वरच्या खोऱ्याची बोली.

“असं काहीतरी बोला, की आतडं तुटलं पाहिजे,” साहेब म्हणाला.

मावशीने पदर खोचला. “आई गेली म्हणून सांगते. लेक असेल तर लपवता यायचं नाही तिला.”

“तुम्ही पोलिसात हव्या होतात, मावशी.”

त्याने खुर्ची पुढे ओढली आणि बाईच्या डोळ्यांवर नजर रोखली. मावशी तिच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. चुकीचं काही झालं तर एक जीव आयुष्यातून उठणार होता.

“तुझी आई आज सकाळी गेली,” वरच्या खोऱ्याच्या बोलीत ती सावकाश म्हणाली. “शेवटपर्यंत तुझ्या वाटेकडे डोळे लावून होती.” म्हणताना तिचाच आवाज फुटला.

बाहेर बसचा हॉर्न वाजला. बाईने मावशीच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मग ती मोकळेपणी हसली आणि आपल्या परक्या भाषेत काहीतरी म्हणाली.

साहेबाला त्या भाषेतले चार शब्द येत होते. “चहा मिळेल का, विचारतेय,” तो वैतागून म्हणाला आणि त्याने पासपोर्टावर शिक्का हाणला. “द्या तिला चहा, नि घालवा.”

मावशीने चहा ओतला, न विचारता तीन चमचे साखर घातली. बाईने उभ्या उभ्या शेवटचा थेंबही संपवला, कप परत दिला आणि मागे न बघता बसमध्ये चढली.

“सराईत चोरसुद्धा आईच्या नावाने हलतो,” साहेब अहवाल लिहिता लिहिता म्हणाला. “ही परकीच.”

“परकीच,” मावशी म्हणाली.

कँटीनमध्ये येऊन तिने दार लोटून घेतलं. खिडकीतून बस पहिल्या वळणावर दिसली, मग दुसऱ्या वळणावर दिसेनाशी झाली. मावशी ओट्याला धरून उभी राहिली, आणि डोळ्यांतलं पाणी न पुसता, भिंतीलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात, वरच्या खोऱ्याच्या बोलीत पुटपुटली, “आई समोर उभी राहून मेल्याचं सांगते, आणि कार्टे, तू चहा मागतेस. पोचलीस की कळव गं.”