काढलेली जाळी

विहिरीवरच्या लोखंडी जाळीचा शेवटचा तुकडा कापून निघाला. दोघांनी तो उचलून बाजूला ठेवला आणि जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंदिनी कठड्याजवळ गेली. गाळ उपसून झाला होता आणि पाणी काळंभोर, स्वच्छ दिसत होतं. आतून थंड हवा वर आली तसा तिच्या अंगावर शहारा आला.

उचगावच्या बाजूला वाढलेल्या या कॉलनीत उन्हाळाभर टँकर यायचा, आणि कॉलनीच्या मधोमध ही जुनी विहीर कचऱ्यानं भरून पडली होती. कॉलेजात शिकवणाऱ्या नंदिनीनं ती साफ करून खुली करायचं मनावर घेतलं. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनं एकच नियम घातला. मुद्द्यावर बोलायचं, कुणाचं खासगी मधे आणायचं नाही. विरोध करणारे बरेच होते, एकेक करून वळले. शेवटपर्यंत उरले ते एकटे आण्णा चौगले. दूध संघातून निवृत्त झालेले, घर विहिरीला लागूनच.

"गाळ जरूर काढा, पण जाळी परत बसवा," एवढंच ते लिहायचे.

"झाकलेली विहीर लोक विसरतात, म्हणून तर त्यात कचरा पडला," नंदिनी उत्तर द्यायची. "उघडी असली की जपतील. कठडा पुरेसा उंच आहे."

मतदान झालं. आण्णांनी लिहिलं, "बहुमत मान्य आहे. मॅडमचं अभिनंदन." विरोध कसा करावा हे दाखवायला तिनं तो मेसेज वर्गात वाचूनही दाखवला होता.

आज आण्णा आले होते, पण टाळ्या वाजवत नव्हते. भिंतीला टेकवलेल्या जाळीवर हात ठेवून उभे होते.

"आण्णा अजून नाराज दिसतात," नंदिनी शेजारच्या झुंबरबाईंना म्हणाली. कॉलनी व्हायच्या आधी इथं शेतं होती, तेव्हापासूनच्या त्या.

"नाराज न्हवं, बाई," झुंबरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांचा विश्वजित ह्या हिरीतच बुडून गेला की. पहिलीत होतं पोरगं. जाळी आण्णांनीच करून आणलती."

आण्णांचा एकेक मेसेज नंदिनीच्या डोळ्यांसमोरून गेला. कुठंही, एका शब्दानंही त्यांनी हे येऊ दिलं नव्हतं. ती त्यांच्याकडे गेली.

"आण्णा, मला सांगायचं तरी."

"काय करणार होता सांगून?"

"मी तिथंच थांबले असते. सगळेच थांबले असते."

"थांबला असता, व्हय." त्यांनी हाताला लागलेला गंज धोतराला पुसला. "पटलं म्हणून न्हवं. आमच्याकडं बघून. पोराला पुढं करून मला जितायचं न्हवतं, मॅडम. आणि आता तुम्हीबी कुणाला सांगू नका. कळलं तर ह्या पाण्याचा घोट कुणाच्या घशाखाली उतरायचा न्हाय."

"नाही सांगणार," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं ग्रुपवर लिहायला घेतलं. निदान निम्म्या विहिरीवर जाळी परत बसवावी, अशी सूचना मांडली. कारणाच्या जागी 'लहान मुलांच्या दृष्टीनं,' एवढं लिहून तिनं पाठवलं.

उत्तरं यायला वेळ लागला नाही. सगळी नम्र होती. वर्षाराणीनं लिहिलं, "मॅडम, आदर ठेवून असहमत आहे. झाकलेली विहीर लोक विसरतात, हे तुम्हीच पटवून दिलंत." सम्राटनं कठड्याची उंची मोजून फोटोसकट टाकली. कुणीतरी विचारलं, "कालपर्यंतचं मत आज का बदललं, ते सांगाल का? ऐकायला आवडेल."

सांगण्यासारखं एकच होतं. तिनं ते लिहिलं, वाचलं आणि पुसून टाकलं.

मतदान पुन्हा झालं. जाळीच्या बाजूनं फक्त दोन मतं पडली. "बहुमत मान्य आहे," नंदिनीनं लिहिलं. हे शब्द आपले नाहीत, हे तिला पाठवल्यावर जाणवलं.

त्यानंतर तिला घरात बसवेना. जेवताना, पेपर तपासताना, कॉलनीत मुलांचा आवाज जरा थांबला की ती उठून गॅलरीत यायची. आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत तिथंच उभी राहायची.

एका संध्याकाळी ती खाली उतरून विहिरीवर गेली. आण्णा पाण्याकडे पाठ करून कठड्यावर बसले होते. नंदिनी समोरच्या बाजूला बसली. मुलं विहिरीभोवती पळत होती, मधेच वाकून आत आपापली नावं ओरडत होती आणि आतून उलट आलेला आवाज ऐकून हसत होती.

वर्षाराणीची अंतरा आण्णांच्या शेजारीच टाचा उंचावून कठड्यावर ओणवी झाली. आण्णांनी मागून तिच्या फ्रॉकचा पट्टा धरला.

"विश्वजित, मागं हो."

पोरगी वळून हसली. "आजोबा, मी अंतरा हाय की."

"व्हय," आण्णा म्हणाले. पट्टा त्यांनी सोडला नाही.