साहेबांना वर येऊ द्यायचं नाही

"काहीही कर, डिस्क बिघडलीय म्हण हवं तर, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत साहेबांना वर फिरकू देऊ नकोस," ग्रंथपालबाई सुईताईच्या कानाशी लागून म्हणाल्या. त्यांच्या दोन्ही हातांत फुगे होते आणि गालावर चिकटपट्टीचा तुकडा.

वाचनालयाच्या तळघरात संगणकांची खोली होती. तिथले साहेब निवृत्त होणार होते. वर वाचनकक्षात गुपचूप निरोपाची तयारी चालली होती आणि साहेबांना खाली डांबून ठेवायची कामगिरी सुईताईच्या गळ्यात पडली होती. तिची नजर सुईसारखी बारीक, म्हणून सगळे तिला सुईताई म्हणत.

तिला हसूही येत होतं आणि आत कुठेतरी गलबलतही होतं. कित्येक वर्षं ती साहेबांच्या हाताखाली कंत्राटावर होती आणि ते कंत्राटही आता संपत आलं होतं. साहेबांच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता, पण मुलाखतीचं बोलावणं काही आलं नाही.

"तुझा अर्ज बहुतेक पुड्या बांधायला गेला," नवरा म्हणाला होता.

"जाऊ दे, कोणाच्या तरी उपयोगी पडला," असं म्हणून तिने विषय मिटवला होता.

तळघरात जाऊन तिने ठोकून दिलं, "साहेब, डिस्कचं काहीतरी बिनसलंय. फायली उघडायला वेळ घेतायत. एकदा तपासून घेऊ या का?"

डिस्क आजारी म्हटलं की साहेब भरल्या ताटावरून उठणारे. "घेऊ की! जुन्या मासिकांच्या डिस्कपासून सुरुवात कर."

कोपऱ्यात एसी दुरुस्तीला आलेले दोघं बसले होते, एक पोक्त गृहस्थ आणि एक चष्मेवाली बाई. "यंत्र तापलंय, जरा निवलं की उघडतो. तुमचं चालू द्या," गृहस्थ म्हणाले.

सुईताईने तपासणी लावली. कुठली फाइल डिस्कवर कुठे ठेवली आहे, याची नोंद संगणक ठेवतो. ती नोंद आणि प्रत्यक्ष ठिकाण जुळतं का, एवढंच ही तपासणी बघते. तिने "फक्त बघ, हात लावू नकोस" असा हुकूम दिला होता. दुखणंच खोटं, मग औषध कशाला? आता निवांत गप्पा मारायच्या आणि वेळ काढायचा.

तेवढ्यात पडद्यावर पहिली चूक उमटली. मग दुसरी. मग मुंग्यांची रांग लागावी तशा ओळीच सुरू झाल्या.

सुईताई खुर्ची ओढून पडद्याला जवळजवळ नाक लावून बसली. जुन्या मासिकांची हजारो पानं या डिस्कवर होती. मूळ कागद केव्हाच भुगा झाले होते.

"साहेब, एक सांगू? रागावू नका. मघाची तक्रार खोटी होती. वर तुमच्या निरोपाची तयारी चाललीय, म्हणून तुम्हाला अडकवायला मी थाप मारली. पण या चुका खऱ्या आहेत."

साहेब रागावले नाहीत. खुर्ची मागे सरकवून त्यांनी हाताची घडी घातली. "बरं. मग आता काय करतेस?"

"मी? तुम्ही बसा ना इथे."

"निरोपाच्या दिवशी कामाला लावतेस होय गं म्हाताऱ्याला?"

तिने ओढणी कमरेला घट्ट बांधली. आधी ती डिस्क सगळ्यांसाठी बंद केली, मग आहे तशी तिची नक्कल काढून ठेवली. संगणक विचारत होता, सगळं एकदम दुरुस्त करू का? "गप रे, घाईत केलेलं निस्तरायला मलाच लागतं," ती पुटपुटली आणि एकेक चूक उघडून बघू लागली. चष्मेवाली बाई खुदकन हसली.

दोन फायली एकाच जागेवर हक्क सांगत होत्या. सुईताईने दोन्ही उघडल्या. एक मुलांच्या मासिकातलं पान निघालं, हत्ती सायकल चालवतोय असं चित्र. दुसरी नुसताच कचरा. "हत्तीला बसू दे," ती म्हणाली. काही फायलींची नावंच हरवली होती. त्यांतला मजकूर वाचून वाचून तिने त्या आपापल्या अंकात परत नेऊन बसवल्या. जे कळलं नाही ते पुसलं नाही, वेगळं काढून ठेवलं.

फोन वाजला. "अगं, आण की आता त्यांना!" ग्रंथपालबाई.

"थोडं थांबा. हे अर्धवट टाकून मी येणार नाही."

"लोक खोळंबलेत!"

"खोळंबू देत. हत्ती पडेल माझा." तिने फोन ठेवून दिला. पलीकडे ग्रंथपालबाईंना काय कळलं असेल देव जाणे.

शेवटी तिने पुन्हा पहिल्यापासून तपासणी लावली. पडदा कोरा राहिला. एकही चूक नाही. सुईताईने खुर्चीतच गिरकी घेतली आणि साहेबांना टाळी दिली. आयुष्यात पहिल्यांदाच.

"पण साहेब, या चुका आल्या कुठून?"

"वर चल, तिथे कळेल."

वाचनकक्षाचं दार उघडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांना पुढे करून ती बाजूला झाली, तर साहेबही बाजूला झाले. टाळ्या काही थांबेनात, आणि सगळे बघत होते तिच्याकडेच. तिचा नवरा पहिल्या रांगेत उभा राहून वेड्यासारखा हसत होता.

एसीवाली चष्मेवाली बाई मागून आली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "एसी हा बहाणा, आम्ही दोघं निवड समितीचे. त्या चुका मीच घातल्या होत्या, साहेबांनी खऱ्या डिस्कच्या जागी आधीच लावून ठेवलेल्या नकलेत; खरी डिस्क सुखरूप आहे. मुलाखत संपली, सुईताई. उद्यापासून तळघर तुमचं."