झाझाचा रांजण

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षीच्या द्राक्षतोडणीत पाहुण्यांची गाडी अंगणात शिरली, तेव्हा एतेरी अक्रोडाच्या माळा उकळत्या द्राक्षरसात बुडवत होती. गाडीतून एक पोलिश बाई उतरली. मागोमाग तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी. बाईचं नाव दोरोता, मुलीचं हानिया.

"मावशी, यांना तुझ्याच घरी यायचं होतं," गाडीवाला तेमो म्हणाला. "वाटेत चार मोठ्या वायनरी लागल्या. एकीतही उतरल्या नाहीत."

"शहाणी बाई आहे," एतेरीचा दीर शाल्वा म्हणाला. "तिथली प्यायली की डोकं धरतं. आपली प्यायली की नुसते गुडघे."

त्याने हानियाचे पाय नळाखाली धुतले आणि तिला उचलून थेट द्राक्षांच्या लाकडी डोणीत उभं केलं. शेजारची दोन पोरं आधीच आत नाचत होती. पोरगी किंचाळली, मग हसायला लागली.

एतेरी दोरोताला कोठीत घेऊन गेली. तेमो बोलणं सांगायला सोबत होता. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले सात रांजण. एतेरीने लांब दांड्याच्या भोपळ्याच्या डावाने वाइन काढली. पहिली मधाच्या रंगाची, दुसरी काळपट लाल. दोरोताने घोट तोंडात बराच वेळ धरला. तिचे डोळे भरून आले.

"चढली?" एतेरीने विचारलं.

"नाही," दोरोता म्हणाली. "कुणीतरी या चवीबद्दल खूप सांगितलं होतं मला."

कोपऱ्यातल्या सातव्या रांजणाचं झाकण मातीने लिंपलेलं होतं. वर एक धोंडा. दोरोता त्याच्यापाशी थांबली.

"हा माझ्या झाझाचा," एतेरी म्हणाली. "मुलगा जन्मला त्या वर्षी भरायचा, त्याच्या लग्नात उघडायचा. बापाशी भांडला आणि गेला परदेशी. बारा वर्षं झाली. बापासारखाच हट्टी. येईल."

दोरोताने त्या धोंड्यावर तळवा टेकवला. मग पेला खाली ठेवला.

द्राक्षाच्या मांडवाखाली टेबल मांडलं होतं. रोटी, चीज, वांग्याच्या गुंडाळ्या. शाल्वा टेबलाच्या टोकाला बसला. कोणाच्या नावाने कधी प्यायचं हे ठरवण्याचा मान त्याचा. पहिला पेला देवाचा झाला. दुसरा गेलेल्यांचा. एतेरीने रोटीच्या तुकड्यावर वाइनचे चार थेंब टाकले आणि नवऱ्याचं नाव घेतलं, "ओतार." दोरोतानेही तसेच थेंब टाकले. एतेरीला त्याचं काही वाटलं नाही. पाहुणे बघून बघून शिकतात.

तेवढ्यात हानिया आली. गुडघ्यांपर्यंत जांभळी. शाल्वाने तिला छोट्या पेल्यात द्राक्षाचा ताजा रस दिला. "घे, राणीसरकार. तुझ्याच पायांची कमाई."

तिसरा पेला घरापासून दूर असलेल्यांचा. तो मात्र एतेरी स्वतः उचलायची. बारा वर्षांत एकदाही चुकला नव्हता. ती उभी राहिली.

"माझ्या झाझासाठी. जिथे असेल तिथे धडधाकट असो." तिने पेला एका दमात रिकामा केला. जित्या माणसाच्या नावाने थेंब मागे ठेवायचा नसतो.

हानियाने आपला पेला तिरका केला आणि रोटीच्या तुकड्यावर रसाचे चार थेंब टाकले. अगदी जपून, मोजून.

"अगं ए माकडे!" शाल्वा ओरडला. "ते मेलेल्यांसाठी असतं! जित्याचं पिऊन टाकायचं. तेमो, सांग तिला, नाहीतर आमच्या पोराला जिवंतपणी पुरेल ही!"

सगळे हसले. एतेरीही हसली. मग तिच्या ध्यानात आलं. ओतारचं नाव घेतलं तेव्हा ही पोरगी डोणीत होती. तिने ते पाहिलंच नव्हतं.

तेमोने शाल्वाचं बोलणं मुलीला सांगितलं. दोरोताने तिचा हात घट्ट धरला. पण पोरगी बोलून गेली. तेमो टेबलाकडे बघत बसला.

"काय म्हणाली?" एतेरीने विचारलं.

"मावशी..."

"सांग."

"म्हणते, मला ठाऊक आहे. झाझा माझा बाबा. आम्ही घरी त्याच्यासाठी असंच करतो."

दोरोता रडत होती. पत्र लिहायला ती तीनदा बसली होती, असं पत्र टपालात टाकवलं नाही, आज एतेरीला एकटीला गाठून सांगणार होती, हे सगळं तेमोने तुटक तुटक सांगितलं. एतेरीने रोटीचा तुकडा हातात घेतला. पण पेल्यात थेंबही नव्हता. आत्ताच तिने तो लेकाच्या आयुष्यासाठी संपवला होता.

"शाल्वा," ती म्हणाली, "कुदळ आण. कोपऱ्यातला उघड."

"वहिनी, तो लग्नाशिवाय कसा..."

"सून बसली आहे. नात बसली आहे. अजून कसलं लग्न पाहिजे तुला?"

शाल्वा कुदळ आणायला उठला. एतेरीने हानियाचे जांभळे पाय आपल्या एप्रनने पुसायला घेतले. पुसताना तिने, मान वर न करता, कधी, एवढंच विचारलं. दोरोताने सांगितलं.

झाझा वारला तो पाच वर्षांपूर्वी, अकरा मार्चला, दोरोताच्या ग्दान्स्क शहरात, फुप्फुसाच्या दुखण्याने. आधी बापाने बोलवावं म्हणून तो थांबला होता. त्याचा बाप ओतार वारला त्याच वर्षी मे महिन्यात, आधी लेकाने फोन करावा म्हणून वाट बघत.