एक शंका राहिली

"आज सोक्षमोक्ष लावायचाच," दादाने बूट काढता काढता जाहीर केलं.

असं तो दर रविवारी जाहीर करायचा. आईने मान डोलावली आणि मटारच्या शेंगांची टोपली त्याच्यापुढे सरकवली. दातांचा डॉक्टर झाला म्हणून काय झालं, या घरात पाऊल टाकलं की त्याला मटार सोलावेच लागत.

ताई सोफ्यावर हॉलिडे क्लबची पत्रकं पसरून बसली होती. ती शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे त्यातल्या नकाशांवर तिने पहिल्या दिवसापासून हक्क सांगितला होता. धाकटी ठमी सतरंजीवर आडवी झाली होती. तिची बेकरी होती. पहाटेपासून भट्टीसमोर उभं राहिल्यावर बसून चर्चा करायचं त्राण तिच्यात उरत नसे.

प्रश्न साधा होता. तिघांनी मिळून क्लबची मेंबरशिप घ्यायची की नाही? पंचवीस वर्षं, दर वर्षी एक आठवडा, सगळं कुटुंब एकत्र. क्लबचा एजंट घरी येऊन दोन कप चहा पिऊन, गोड गोड बोलून गेला होता.

पण आई जन्मभर मुलींच्या वसतिगृहाची वॉर्डन होती आणि निवृत्त झाल्यावर तिथले नियम तिने घरी आणले होते. निर्णय सगळ्यांनी समोरासमोर बसून घ्यायचा. हात वर करायचे. एक जरी हात खाली राहिला, तर विषय पुढच्या रविवारी. फोनवरून दिलेलं मत बाद.

आणि दर रविवारी एक हात खाली राहत होता. आईचाच.

आधी तिने गाद्यांची शंका काढली. मऊ गादीवर तिची कंबर धरते. ताईने पत्रकात शोधून कडक गादी दाखवली, तर पुढच्या रविवारी लिफ्ट बंद पडली तर काय, हे निघालं. मग न्हाणीघरातल्या गुळगुळीत फरशा. मुलं कपाळाला हात लावायची, पण पुढच्या रविवारी हजर व्हायची.

खरं सांगायचं तर आईला तो क्लब अजिबात नको होता. तिला कुठे जायचंच नव्हतं. बाबा गेल्यापासून दादा यायचा तो औषधं ठेवून पळायचा, ताई यायची ती वह्या तपासत बसायची, ठमी पाव देऊन दारातूनच मागे वळायची. तिघं एका वेळी अशी कधी जमतच नसत. आता जमत होती, भांडत होती, एकमेकांच्या ताटातलं पळवत होती. आईचा जीव त्यात रमला होता. निर्णय झाला की हे सगळं संपणार, या धास्तीने तिला हल्ली नीट जेवणही जात नसे.

आणि आज नेमकी तिच्याकडे एकही शंका उरली नव्हती. सकाळपासून डोकं खाजवून झालं होतं.

"बोल आई, आज काय?" दादाने विचारलं.

"आज काही नाही रे. तुम्ही म्हणाल तसं."

दादाचा शेंग सोलणारा हात थांबला. ठमीने डोळे उघडले.

"काहीच नाही?" दादा म्हणाला. "पाण्याचं काय? बाहेरचं पाणी तुला पचत नाही."

"उकळून पिईन."

"मग... करायचे हात वर?"

कुणीच केला नाही.

"थांबा जरा," ताई म्हणाली. "शाळेच्या सुट्टीत खोल्या मिळतात का? तेव्हा तर सगळ्यांनाच हव्या असतात."

"मागच्या रविवारी तूच म्हणालीस, मिळतात म्हणून!" दादा म्हणाला.

"म्हणाले असेन. मी काय तिथे राहून आलेय?"

ठमी उठून बसली. "आणि तिथल्या स्वयंपाकघरात ओव्हन नाही."

"अगं बये, सुट्टीवर ओव्हन कशाला?" ताई म्हणाली.

"माझे हात शिवशिवतात."

"ओव्हनचं सोडा," दादा एकदम तापला. "देखभालीचा खर्च दर वर्षी वाढत जातो, त्याचं काय? जा नाहीतर जाऊ नका, तो भरावाच लागतो. आणि उद्या नको झालं तर विकायला गेल्यावर कुत्रं विचारणार नाही."

मग तिघांची अशी जुंपली की चहा निवून गेला. आई पदराआड हसत होती. विषय पुढच्या रविवारी गेला.

तिघं निघाली तेव्हा ठमीने दारात आईला घट्ट मिठी मारली. जिन्यातही त्यांची वादावादी चालूच होती. ती ऐकता ऐकता आईला एजंटने सांगितलेली सवलतीच्या ऑफरची मुदत आठवली. महिनाअखेर! म्हणजे पुढचा रविवार शेवटचा.

तिने दार लावलं आणि एजंटला फोन केला.

"मी वॉर्डनकाकू बोलतेय. तुमच्या त्या ऑफरची मुदत जरा वाढवून मिळेल का?"

"मुदत? अहो काकू, पण..." एजंट अडखळला.

"तुम्हाला फसवत नाही हो," आई घाईघाईने म्हणाली. "मला ती मेंबरशिप नकोच आहे. पण हे मुलांना कळलं, तर रविवारी कुणी यायचं नाही. एका आईवर एवढी मेहेरबानी करा."

एजंटने घसा खाकरला.

"काकू, मी शब्द दिला होता, पण आता राहवत नाही. तुमच्या घरचा नकार मला पहिल्याच आठवड्यात आलाय."

"नकार? कुणाचा?"

"आधी डॉक्टरांचा, मग शाळेतल्या बाईंचा, मग बेकरीवाल्या ताईंचा. तिघांनी वेगवेगळे फोन केले, आणि प्रत्येकाने एकच विनंती केली, की हे घरात कुणालाही कळू देऊ नका, नाहीतर रविवारी कुणी यायचं नाही."