ओढ्यावरची दहा मिनिटं

"पहिली वेलांटी आहे बाबा, इतकं ओढू नका," शिलाई मशीनवरून मान वर न करता मुलगी म्हणाली.

म्हाताऱ्याने वर्तमानपत्र बाजूला सारलं. "हे पुरे. आज ती चिठ्ठी वाचतो."

मुलीने वळून पाहिलं. सेहेचाळीस वर्षं ती चिठ्ठी पत्र्याच्या डबीत होती. घरात कुणी तिला हात लावलेला नव्हता.

लढाईत म्हातारा ज्या पुढच्या चौकीवर होता, तिथे लिहिता-वाचता येणारा एकच होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. सगळ्यांची पत्रं तोच लिहायचा, घरून आलेली तोच वाचून दाखवायचा. त्या सकाळी टेलिफोनची तार तुटली होती, गोळ्या संपत आल्या होत्या. मास्तरने गुडघ्यावर कागद ठेवून दोन ओळी खरडल्या.

"काय लिहिलंस?"

"तुझी तक्रार. घोरतोस म्हणून. पळ, साहेबांच्या हातात दे."

तो पळाला. पाय मुरगळला म्हणून वाटेत ओढ्यावर दहा मिनिटं बसला. मागच्या तळावर पोचून त्याने गोळ्या संपत आल्याचं सांगितलं. साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि त्याच्याच हातात परत दिली. "जपून ठेव. गोळ्यांच्या पेट्या पाठवतो मी. तू इथून हलायचं नाहीस, पाय बघ केवढा सुजलाय."

दुपारी चौकी पडली. मास्तरही गेला.

ती दहा मिनिटं म्हाताऱ्याने जन्मभर उगाळली. "तासाभरात गोळ्या आल्या नाहीत तर संपलो, असंच लिहिलं असणार. मी बसलो ओढ्यावर पाय सोडून."

"द्या ना, मी वाचते," मुलगी कितीदा म्हणाली होती.

"माझा गुन्हा मीच वाचणार."

म्हणून तर सत्तरी उलटल्यावर त्याने हातात पाटी धरली होती.

त्याने डबी उघडली. घड्यांवर कागद फाटत आला होता. त्याने चष्मा पुसला, पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

"या... ला. याला."

"कोणाला?"

"थांब की जरा. घोड्यावर बसून आलीस का?" बोट पुढे सरकलं. "पर... त. परत. पा... ठ... वू. पाठवू."

"हं. पुढे?"

"न... का."

मुलीचा पाय मशीनवरून खाली आला. म्हाताऱ्याने तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग दुसरी.

"याला... मुलगी... झालीय. अजून... पाहिली... नाही."