रविवारचं खाणं

माझी लेक कॅन्सरची मोठी डॉक्टर. नवं औषध शोधणाऱ्या सगळ्या विद्वानांची मुकादम. पण रविवारीसुद्धा ताटावरून उठून प्रयोगशाळेत पळते. म्हणे, "कॅन्सरच्या पेशींना खाऊ घालायचंय, नाहीतर मरतील."

मी म्हटलं, "ज्याला मारायला शिकलीस, त्यालाच भरवतेस होय? शाबास!"

परवा तिने मला तिथे नेलं. यंत्राच्या भिंगाला डोळा लावायला सांगितलं आणि म्हणाली, "आई, या पेशी बाबांच्या गाठीतल्या. ते गेले तरी मी या जगवल्यात. आज माझं औषध यांनाच देणार आहे."

आजारपणात हे गोळी उशीखाली लपवायचे आणि घेतली म्हणून सांगायचे.



मी भिंगात बघतच दरडावलं, "अहो, निदान आता तरी पोरीचं औषध मुकाट्याने घ्या."